आयरिश 'द्री' म्हणजे मांत्रिक. मूळ शब्द कुठला?

रंकाळाकाठ: कोल्हापुरात आमच्या वाचनकट्ट्यासाठी शब्दांच्या नात्यांवर भित्तिपत्रक करतोय. आयरिशमध्ये मांत्रिकाला 'द्री' म्हणतात, 'ड्रुइड' (प्राचीन केल्टिक लोकांचा पुरोहित) त्याचाच भाऊबंद. कट्ट्यावर एकजण म्हणतो हा आपला 'द्रविड', दुसरा म्हणतो 'द्रष्टा'. खरं काय? आणि अर्थ 'देवऋषी' दिला तर चालेल का?

धातुपाठ: दोन्ही खोडा. कानाला सारखं लागलं म्हणून नातं ठरत नाही. 'द्रष्टा'मधल्या 'दृश्'चा आयरिश सोयरा वेगळाच आहे: जुन्या आयरिशमधला 'डेर्क', म्हणजे डोळा.

मूळ शोधताना प्रथमा धरू नका, षष्ठी धरा. जुन्या आयरिशमध्ये प्रथमा 'द्रुइ', षष्ठी 'द्रुअध'. प्रथमेत झडलेलं शेवटचं व्यंजन षष्ठीत टिकलंय. मधला 'व' आयरिशमध्ये गळतो, तो परत घातला की केल्टिक, म्हणजे आयरिशच्या मूळ भाषाकुळातलं, '\*द्रुविद्-' हाती येतं. यातला 'विद्' तोच, जो आपल्या वेद आणि विद्वानमध्ये आहे. पत्रकावर या रूपाआधी तारा (\*) छापाच; त्याचा अर्थ, रूप अनुमानाने बांधलंय. तो नसेल तर वाचणाऱ्याला वाटतं की हे कुठल्या शिलालेखात सापडलंय.

करवीरकर: 'विद्'बद्दल फारसा वाद नाही, 'द्रु'बद्दल आहे. रोमन लेखक प्लिनीने त्याचा संबंध ग्रीक 'द्रूस', म्हणजे ओक, याच्याशी लावला. झाड धरलं तर आपले द्रुम, दारू (देवदारमधला) त्याच घरचे. भाषाशास्त्रज्ञ थुर्नआयझेनच्या मते इथे 'द्रु' नुसता जोर देतो: पक्का जाणकार. दोन्ही मतं छापा, एकच छापलं तर अर्धवट होईल.

'देवऋषी' एकटा नको. सीझरच्या वर्णनातले गॉलमधले (आजच्या फ्रान्सच्या भागातले) ड्रुइड न्यायनिवाडा करत, शिकवत; काही शिष्य 20 वर्षं पद्यं पाठ करत. आयर्लंडमध्ये लिहिते झाले ते ख्रिस्ती मठवासी, आणि त्यांच्या लेखी हे विरोधक. सातव्या शतकात त्यांच्यातल्याच मुर्खूने आयर्लंडच्या संत पॅट्रिकचं लॅटिन चरित्र लिहिलं, त्यात राजा लोइगरेच्या ड्रुइडांना सरळ 'मागी' म्हटलंय, म्हणजे जादूगार. जाणकाराचा मांत्रिक झाला तो असा. म्हणून आधी 'जाणता पुरोहित', मग 'मांत्रिक' लिहा.

धातुपाठ: उच्चारही बघा. 'ड्री' नव्हे, 'द्री'. आपला दंत्य 'द' त्याला जवळचा. जादू म्हणजे 'द्रीअख्त'. जुन्या कोशांत या शब्दाच्या मध्ये 'ध'ची जास्तीची अक्षरं दिसतील. ती विसाव्या शतकातल्या लेखनसुधारणेत गेली. शब्द तोच आहे, वेगळी नोंद करू नका.