१९८४ आणि प्रिन्स नाही??

१९८४ च्या इंग्रजी गाण्यांची यादी पाहिली, त्यात व्हॅम (जॉर्ज मायकलची जोडी) आहे, मडोना आहे, मग अमेरिकन गायक प्रिन्स कसा काय गळला राव? त्याचं 'व्हेन डव्ज क्राय' परत ऐका, अख्ख्या गाण्यात बेस गिटार नाहीये, पठ्ठ्याने तो काढूनच टाकला आणि तरी बिलबोर्डच्या (अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांची क्रमवारी) त्या वर्षाच्या यादीत गाणं एक नंबरला. स्प्रिंगस्टीनचं 'डान्सिंग इन द डार्क' बिचारं त्याच्यामुळेच दोन नंबरवर अडकलं (तसा मी 'बॉस'वालाच, म्हणजे स्प्रिंगस्टीनवालाच आहे, पण इथे प्रिन्सच).

आणि ते 'जंप'मध्ये कीबोर्ड घेऊन व्हॅन हेलन बँडने रॉक बुडवलं वगैरे जे कोणी लिहिलंय ते अजिबात पटलं नाही, तो सिंथ (कीबोर्ड) त्यांचा गिटारवाला एडीच वाजवतोय आणि मधला गिटार सोलो ऐकल्यावर तक्रार कसली करायची, शिवाय अमेरिकेत त्यांचं एकमेव नंबर वन गाणं तेच.

व्हॅमच्या 'लास्ट ख्रिसमस'ची मजा वेगळीच. यूकेमध्ये बँड एड या अनेक गायकांच्या गटाच्या गाण्याने त्याला वर जाऊ दिलं नाही आणि त्यातही जॉर्ज मायकल गातोय, म्हणजे स्वतःच स्वतःला आडवा आला! 'लास्ट ख्रिसमस' तिथे नंबर वन झालं ते थेट जानेवारी २०२१ मध्ये, जॉर्ज गेल्यानंतर.

आणि फ्रँकी गोज टू हॉलिवूड बँडचं 'रिलॅक्स' पण टाका की यादीत, बीबीसीने बंदी घातली आणि मग काय, गाणं सुसाट नंबर वन!