उपाशी उंदराचे यकृत आणि गोठ्यातली म्हैस

प्रश्न (खानापूर तालुका)
आमच्या म्हशीने व्याल्यानंतर चार दिवस पेंडीला तोंड लावले नाही. उसाचे वाढे तेवढे ती थोडेफार चघळत होती. रक्ततपासणीत एएसटी हे विकर (एन्झाइम) वाढलेले आले. मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी असून, उपाशी उंदराच्या यकृतातील अनेक विकरांची क्रियाशीलता घटते असे आम्हांला शिकवले आहे. मग म्हशीत उलटे कसे झाले?

उत्तर (पशुवैद्यक, चिकोडी)
आपण दोन वेगळ्या मापांची गल्लत करीत आहात. आपल्याला शिकवले ते यकृताच्या पेशीतील विकरांविषयी आहे. अहवालातील एएसटी मात्र पेशींना इजा होऊन रक्तात उतरलेले असते. उपाशी, दुभत्या जनावराच्या अंगावरची चरबी वितळून यकृतात साठते, आणि रवंथ करणाऱ्या जनावराचे यकृत ती बाहेर धाडण्यात फार मंद असते. यकृत असे चरबीने भरले की एएसटी वाढू शकते.

उत्तर (जीवरसायनाचा शिक्षक, बेळगाव)
'घटते' हे विधानही अर्धवट आहे. उंदराच्या यकृतातील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले ग्लुकोज, एका दिवसाच्या उपवासात जवळजवळ संपते. त्यानंतर ग्लुकोज वापरात आणणारे ग्लुकोकायनेज आणि मेदाम्ले (चरबीचे घटक) बनविणारी विकरे मंदावतात, पण नवे ग्लुकोज घडविणारी, उदाहरणार्थ ग्लुकोज-६-फॉस्फटेज, उलट वाढतात. उपवासानंतर पिष्टमय आहार दिला, तर मेदाम्ले बनविण्यास हातभार लावणारे ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज मूळ पातळीच्याही वर उसळते. शिवाय उपवासात यकृतच आक्रसते, त्यामुळे दर ग्रॅममागे वाढलेले दिसणारे विकर संपूर्ण यकृताच्या हिशेबात तितकेच किंवा कमीही भरू शकते. कोणताही तक्ता वाचताना आकडा कशामागे दिला आहे ते आधी पाहावे. माझ्या विद्यार्थ्यांची चूक हमखास इथेच होते.

म्हशीला तर उंदराचा हा हिशेब जसाच्या तसा लावताच येत नाही. तिच्या पोटात पिष्टाचे आंबून आम्ल होते आणि त्यातील प्रोपिओनेट या आम्लापासून यकृत भरल्या पोटीही ग्लुकोज घडवीत असते. तिच्या यकृतात ग्लुकोकायनेज नगण्य असते आणि मेदाम्ले मुख्यतः चरबीच्या ऊतीत बनतात. उंदरात जे ठळकपणे घटते, ते तिच्या यकृतात मुळातच फारसे नसते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. एक सांगायचे राहिले: व्याल्यावर ती दीड दिवस उठलीच नव्हती.

उत्तर (पशुवैद्यक, चिकोडी)
हे आधी सांगायला हवे होते! एएसटी स्नायूंतही असते, आणि एका कुशीवर पडून राहिलेल्या जनावराचे स्नायू दबून ते रक्तात येते. म्हणून रक्तातील सीके आणि जीएलडीएच ही आणखी दोन विकरे तपासून घ्या. सीके स्नायूंकडे बोट दाखवते, जीएलडीएच यकृताकडे. मात्र सीके लवकर उतरते आणि एएसटी रेंगाळते, तेव्हा आता सीके सामान्य आले म्हणून स्नायूंना इजा झालीच नव्हती असे समजू नका. चरबी वापरली जाताना यकृतात बनणारे कीटोनही लघवीत आजच पट्टीने पाहून घ्यावेत.