सक्युलंटच्या (पानांत-खोडात पाणी साठवणाऱ्या रोपांच्या) कुंडीतल्या अडचणी : आपापले उपाय इथे लिहा

कूज, कीड, लांबुडकी वाढ, उन्हाचे डाग. ज्याला जे जमलंय ते प्रमाणासकट लिहा.

*

कुजीपासून सुरुवात करते. खालची पानं पिवळट, काचेसारखी होऊन हात लावताच गळायला लागली की रोप लगेच उपटून बघा. बुंधा काळा आणि मऊ असेल तर स्पिरिटने पुसलेल्या सुरीने कुजलेल्या भागाच्या वर कापा. कापावर मधोमध तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर सुरी पुसून आणखी अर्धा सेंटिमीटर वर. स्वच्छ हिरवट-पांढरा काप दिसेपर्यंत थांबू नका. तो ठिपका राहिला तर शेंडाही जातो. मग शेंडा सावलीत 4 ते 7 दिवस वाळवून कोरड्या मिश्रणावर ठेवा. मुळं फुटेपर्यंत पाणी नाही.

*

सुरकुतलेली पानं फसवतात. माती कोरडी असेल तर ती तहान. माती ओली असूनही सुरकुत्या असतील तर मुळं कुजलीत, आणखी पाणी घालून काय होणार? लाकडी काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा. ओलसर माती चिकटून आली तर थांबा. तळाची एक-दोन पानं कागदासारखी वाळणं मात्र नेहमीचंच.

*

मिश्रण : कंपोस्ट, जाड वाळू आणि पर्लाइट, म्हणजे हलके पांढरे सच्छिद्र दाणे (किंवा 3 ते 5 मिमी विटेचे तुकडे) सम भाग. बारीक वाळू नको, ती फटी बुजवते. आणि तळाशी खडे भरणं कृपा करून सोडा. पाणी खड्यांत सहज उतरत नाही, वरच्या मातीत तटतं, म्हणजे ओला थर उलट मुळांजवळ सरकतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरतो.

*

वरच्याला जोड : मिश्रणात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल आणि ते पार वाळून आकसलं, तर पाणी कडेने निसटू शकतं. कुंडी 20 मिनिटं पाण्याच्या ताटलीत ठेवा, मग पूर्ण निथळू द्या.

*

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल इअरबडने थेट पुंजक्यावर लावा. आठवड्याने पुन्हा, असं तीन-चार वेळा, कारण अंड्यांतून पिल्लं निघत राहतात. एकेवेरियाच्या (गुलाबाच्या फुलासारखी पानं रचलेल्या सक्युलंटच्या) पानांवरची सारखी पसरलेली पांढरी पूड ही कीड नव्हे. ती उन्हापासून पानाला जपते आणि एकदा पुसली की त्या जागी परत येत नाही.

*

प्रकाश कमी पडून लांबलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही. 3-4 सेंमी खोडासह शेंडा कापून लावा. खुंट टाकू नका, त्याला फुटवे येतात. मग सकाळच्या एक तास उन्हापासून सुरू करून 10 ते 14 दिवसांत ऊन वाढवा. एकदम उन्हात ठेवलं तर पडलेला तपकिरी डाग पान गळेपर्यंत राहतो.

*

हावर्थिया या छोट्या सक्युलंटला मात्र हे ऊन नको, उजेडाची सावली बरी. आणि लिथॉप्सची (खड्यासारख्या दिसणाऱ्या, पानांची एकच जोडी असलेल्या सक्युलंटची) पानांची नवी जोडी वर येत असताना पाणी बंद ठेवा. जुनी पानं कागदासारखी होईपर्यंत नवी त्यांच्यातलंच पाणी शोषतात. मध्येच पाणी दिलं तर जुनी जोडी फुगून तशीच अडून बसते.