फ्लोरिडातला ई-व्हेरिफाय आणि स्टेम ओपीटी

नमस्कार मंडळी,
टॅम्पातली १४ जणांची कंपनी ओपीटीवरच्या (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावर मिळणारी कामाची परवानगी) मुलाला घेतेय. मालकाचं म्हणणं, '२५च्या आत आहोत, ई-व्हेरिफाय (नव्या कर्मचाऱ्याला कामाची परवानगी आहे का हे तपासणारी सरकारी ऑनलाइन यंत्रणा) आपल्याला लागू नाही.' पुढे स्टेमला (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना मिळणारी ओपीटीची वाढ) अडेल का?

*

ताई, अडेल. मालक राज्याच्या कायद्यापुरता बरोबर आहे. १ जुलै २०२३ पासून फ्लोरिडात २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी मालकांना प्रत्येक नव्या भरतीला ई-व्हेरिफाय सक्तीचं आहे. २४ महिन्यांत तीनदा चुकलं तर दिवसाला १,००० डॉलर दंड, वर धंद्याच्या परवान्यांवर गदा. स्टेमची २४ महिन्यांची वाढ मात्र केंद्राच्या नियमाने मिळते, तिथे डोकी मोजत नाहीत. दोघांची कंपनी असली तरी ई-व्हेरिफायची नोंदणी हवीच.

पहिल्या वर्षाच्या ओपीटीला ती लागत नाही, म्हणून सगळे निवांत असतात आणि कामाच्या परवानगीचं कार्ड संपत आलं की धावाधाव. नोंदणी फुकट आहे, आत्ताच करून घ्या म्हणावं. आय-७६५ वर (वाढीचा अर्ज) कंपनीचं नाव ई-व्हेरिफायमध्ये आहे तसंच लिहायचं आणि तिथलाच कंपनी क्रमांक द्यायचा. तो ई-व्हेरिफायच्या करारपत्रावर असतो. बरेच जण तिथे ईआयएन (कंपनीचा कर क्रमांक) ठोकून देतात, तो चालत नाही. आय-९८३ वर (प्रशिक्षणाचा आराखडा) मालकाची सही लागते, तेही लक्षात असू द्या.

*

वरच्यात थोडी भर. एकदा नोंदणी झाली की त्या जागेवरच्या सगळ्या नव्या भरतीची तपासणी करावी लागते. फक्त आपल्या पोरांची केली तर तो भेदभाव ठरतो. नोंदणीआधी रुजू झालेल्यांना त्यात घालायचं नाही. सोमवारी रुजू झाला तर आय-९ चा (कामाची पात्रता तपासण्याचा फॉर्म) दुसरा भाग आणि ई-व्हेरिफाय दोन्ही गुरुवारपर्यंत. सोशल सिक्युरिटी नंबर यायचा असेल तर काम सुरू करता येतं, फक्त उशिराचं कारण आय-९ सोबत नोंदवा आणि नंबर आला की ई-व्हेरिफायमध्ये केस टाका.

आपल्याकडे गोची नावात होते. पासपोर्टात 'समीर विनायक' असं वडिलांचं नाव पहिल्या नावाला चिकटलेलं, सोशल सिक्युरिटीत ते गळलेलं. मग विसंगतीची नोटीस येते. दाद मागायची असेल तर मालकाने केस पुढे पाठवल्यापासून आठ सरकारी कामकाजाच्या दिवसांत मुलाने स्वतः संबंधित सरकारी कार्यालयाशी संपर्क साधायचा. निकाल लागेपर्यंत मालकाला त्याला काढता येत नाही, पगारही कापता येत नाही. मालक 'निकाल येईपर्यंत घरी बस' म्हणाला तर तेही नियमाविरुद्धच.