मानधनाआधी हे विचारा
निसर्गसंवर्धन संस्थेतल्या इंटर्नशिपचा विषय निघाला की सगळी चर्चा मानधन किती मिळणार यावरच अडकते. पुण्यातल्या अशा संस्थेत इंटर्नशिप घेणाऱ्या मुलींनी आधी विचारावं: फील्डवर न्यायला गाडी आहे का, मुक्काम कुठे, शौचालयाचं काय? सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारांच्या नोंदी घ्यायच्या तर उजाडताच माळावर हवं. एसटीच्या भरवशावर ते जमणं कठीण.

आणखी एक, २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, बिनपगारी असलात तरी. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच. त्याहून छोट्या संस्थेतली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. समितीबद्दल विचारल्यावर ‘आम्ही सगळे घरच्यासारखेच’ असं उत्तर आलं, तर मी तरी दुसरीकडे अर्ज करीन.