बॅटरीचा ग्रास कटर धंद्याला पुरतो का?

एकांचं म्हणणं आहे की बॅटरीचे कटर आल्यावर आता पेट्रोलचा कटर घेणं म्हणजे पैसे पाण्यात. सोसायटीच्या बागेपुरतं पटलं. पुण्यातल्या आमच्या कामांवर हेज ट्रिमर (कुंपणाची झुडपं छाटायचं यंत्र) आणि ब्लोअर (पालापाचोळा उडवायचं यंत्र) आम्ही केव्हाच बॅटरीवर नेले. सकाळी सातला सुरू केलं तरी गॅलरीतून कोणी ओरडत नाही.

पण गावी, कोकणात, पावसाळा सरता सरता आंब्याच्या बागेत कमरेएवढं गवत माजलेलं असतं. तिथे गणित फिरतं. 56 व्होल्ट, 5 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 280 वॅट-अवर. कटरने सरासरी 700 वॅट खेचले तरी 24 मिनिटांत खेळ खलास. पाच तासांच्या कापणीला डझनभर बॅटऱ्या, आणि चार्जिंगला कलमांखाली वीज कुठली?

पेट्रोलचं काय, कॅन बरोबर असला की झालं. फक्त इंजिनाच्या वंगणासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल अंदाजपंचे नको. आमच्या मशीनला 50:1, म्हणजे लिटरला 20 मिली. एकदा गड्याने घाईत नुसतंच पेट्रोल ओतलं (मापाची बाटली घरी राहिली होती!), पिस्टन जाम, आणि ऐन हंगामात आठ दिवस मशीन गॅरेजात.