युगांडात एम.ए. करणाऱ्या मुलाची फी आणि घरखर्च: पैसे कसे पाठवू?

फोंड्याची_बाई
नमस्कार. माझ्या लेकीबरोबर पुण्यात शिकणारा दक्षिण सुदानचा एक मुलगा एका चवथीला आमच्या घरी आला होता. पातोळी हळदीच्या पानासकट खायला निघाला, तेव्हापासून आमचाच. शिकून तो येई या आपल्या गावी गेला. 2016 च्या जुलैत त्यांच्या राजधानीत, जुबात लढाई पेटली, ती त्यांच्या भागापर्यंत पोचली, तसा बायकामुलांना घेऊन युगांडात उतरला. घरचे अजून तिथल्या बिडीबिडी या निर्वासितांच्या वसाहतीत. तिथे सरपण, गवत, पाण्याची रांग यांवरून निर्वासित आणि स्थानिक गावकरी हमरीतुमरीवर येतात. हा दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना झाडाखाली बसवून ते मिटवतो. आता कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात तंटे मिटवण्याच्या त्याच विषयात एम.ए. करतोय.

आमच्या फुगडीच्या गटातल्या अकरा बायका महिन्याला हजार-हजार द्यायला तयार आहोत. माझ्या खात्यात जमवून पाठवीन म्हणते. अडचण अशी की गेल्या खेपेला मी एकटीने फीसाठी पाठवलेले पैसे धाकट्याच्या मलेरियात गेले. ओशाळून त्यानेच सांगितलं. गटातली एक म्हणते, पावत्या मागा. माझ्या तोंडातून ते निघत नाही.

मडगावचा_हिशेबनीस
बाई, तुमच्या खात्यात अजिबात जमवू नका. वर्षाचे 1,32,000 होतात. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात 50,000 च्या वर आले की सगळी रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाऊ शकते. मग आयकरवाल्यांना फुगडी समजावत बसा.

त्यापेक्षा उलटी भिशी करा. दर महिन्याला एकीने आपल्या खात्यातून वर्षाचे 12,000 एकदम पाठवायचे, पुढच्या महिन्यात दुसरीने. बँकेचा चार्ज प्रत्येकीला एकदाच. पॅन लागेल, परदेशी पैसे पाठवण्याचा ए-2 फॉर्म भरावा लागेल. वर्षाला 10 लाखांपर्यंत टीसीएस (पाठवतानाच बँक कापते तो कर) कापत नाहीत, ती काळजी नको. वाटेतल्या बँकांचे चार्जेस पाठवणाऱ्याकडूनच घ्या असं सांगा, नाहीतर तिकडे पोचेपर्यंत डॉलर झिजतात. आणि 80जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत विसरा, ती अशा मदतीला नाही.

म्हापशेकर
शिष्यवृत्ती बघितली का? निर्वासितांसाठी डाफी आहे, 1992 पासून.

मडगावचा_हिशेबनीस
डाफी पदवीच्या शिक्षणासाठी. हा एम.ए.ला आहे.

आल्त_पर्वरी
पैशांचं वर आलंच आहे, मी पावत्यांबद्दल लिहिते. आमच्या वाड्यावरचे एक अंकल कंपालाहून आलेले. 1972 साली इदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला सांगितलं, त्यातले. ते सांगायचे, सामान गेल्याचं दुःख ओसरलं, पण पुढे मदत देणारा प्रत्येकजण ‘कशाला खर्च केलेस’ विचारायचा ते शेवटपर्यंत सलत राहिलं.

म्हणून दोन वाटा करा. फी विद्यापीठाच्याच खात्यावर भरायची, त्याचं प्रवेशपत्र आणि फीचं बिल जोडून. ती रक्कम कुठल्या सदरात दाखवायची ते बँकेला आधी लेखी विचारा. त्याची पावती विद्यापीठच देईल, त्याला मागायलाच नको. घरासाठीचे वेगळे, बायकोच्या नावे, बिनहिशेबी. वसाहतीतलं रेशन 2023 पासून आणखी कमी केलंय. घरी चूल थंड असेल तर कंपालात बसून तो वाचेल काय?

म्हापशेकर
आणि बायकोने ते पैसे सासरच्यांना वाटले तर?

आल्त_पर्वरी
वाटेल की. तुम्ही गल्फमधून पाठवायचा तेव्हा आईने कुणाकुणाला दिले, विचारलं होतं का कधी?

फोंड्याची_बाई
काल रात्री त्याच्याशी बोलले. फी थेट भरणार म्हटल्यावर मोकळा हसला, म्हणाला, आता आजारपण आलं तर तुम्हाला सांगायला भीती नाही. घरखर्चाचं बायकोलाच विचारा म्हणाला. तिला माझं इंग्रजी कळत नाही आणि मला तिचं अरबी, म्हणून लेक मध्ये बसणार आहे. पहिला नंबर माझाच लागलाय. सोमवारी बँकेत जाते. हिशेबनीस, ए-2 मध्ये नातं विचारलं तर काय लिहू?

मडगावचा_हिशेबनीस
‘मित्र’ लिहा. ‘आमचाच’ चालणार नाही.